एंजिनाची मंदगती, मिश्रण आणि कानाची मर्यादा

१. प्रास्ताविक

भाषाविज्ञानाच्या विभागाच्या पत्रिकेत मोटारीच्या एंजिनाचे विवेचन करावयाचे, तर आरंभी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. ध्वनिविचाराच्या अभ्यासात ‘प्रत्याभरण’ ही संकल्पना आपण वरचेवर वापरतो. आपल्या कृतीचा परिणाम जाणून घेऊन त्यानुसार पुढील कृती दुरुस्त करणे, एवढा तिचा साधा अर्थ होय. बोलणारा मनुष्य स्वतःचे बोलणे ऐकतो आणि त्यावरून सावरतो, असे आपण वर्गात सांगतो. परंतु तो नेमके काय ऐकतो, किती उशिरा ऐकतो, आणि जे त्यास ऐकूच येत नाही त्याची दुरुस्ती कशी होते, हे प्रश्न सहसा मागे राहतात.

हे तिन्ही प्रश्न ज्यात उघड्या डोळ्यांनी पाहता येतात असे एक यंत्र आपल्या नित्य परिचयाचे आहे. गाडी उभी असून एंजिन मात्र मंद गतीने चालू आहे, अशा वेळी त्याचा वेग आणि त्यात जाणाऱ्या हवा-पेट्रोलाचे प्रमाण कशाने स्थिर राहते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. नियंत्रण हे नियंत्रकाच्या कौशल्यावर जितके अवलंबून असते, तितकेच तो कशाचे मापन करतो ह्यावर अवलंबून असते, हे त्यातून दाखवावयाचे आहे.

२. मंदगती ही अवघड अवस्था

गॅरेजात ह्या अवस्थेस ‘स्लो’ म्हणतात. इंग्रजीतील रूढ शब्दाचा अर्थ ‘रिकामे’ असा आहे. हे दुसरे नाव दिशाभूल करणारे आहे. उभ्या गाडीचे एंजिन चाके फिरवीत नसले तरी स्वतःचे ओझे वाहतच असते. दट्ट्यांचे घर्षण, तेलाचा व पाण्याचा पंप, बॅटरी भरणारे जनित्र, आणि मोटारीत वातानुकूलन चालू असल्यास त्याचा संपीडक, एवढ्या साऱ्यांचा भार त्यावर असतो. ह्या अवस्थेत जळणारे सर्व पेट्रोल एंजिनाच्या स्वतःच्या निर्वाहासाठी खर्ची पडते.

पेट्रोल-एंजिनाची शक्ती हवेच्या पुरवठ्यावर ठरते. प्रवेशनलिकेत थ्रॉटल नावाची फिरती तबकडी असते. चालकाने पायाचा दाब दिला की ती उघडते. पाय काढला की ती जवळजवळ मिटते व अगदी बारीक फट तेवढी उरते. बाहेर हवेचा दाब सुमारे १०० किलोपास्कल असता, मंदगतीत तबकडीच्या पलीकडे प्रवेशनलिकेत तो ३० ते ४० किलोपास्कलच असतो. मोटारीचे एंजिन ह्या अवस्थेत मिनिटास सुमारे ७०० ते ९०० फेरे घेते. चार सिलिंडरांच्या एंजिनाचे ८०० फेरे धरल्यास मिनिटास १,६०० ज्वलने, म्हणजे सेकंदास सुमारे २७ ज्वलने होतात.

एंजिनाच्या जड चक्रात साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ३,२०० फेऱ्यांच्या वेळी चक्रात जेवढी ऊर्जा असते, तिचा सोळावा हिस्साच ८०० फेऱ्यांच्या वेळी शिल्लक असतो. भरधाव एंजिनात एखादे ज्वलन हुकले तरी चक्राच्या पुंजीवर निभावते. मंदगतीत तेच हुकलेले ज्वलन सबंध गाडीस हादरा देते. गॅरेजातील भाषेत गाडी ‘मिसिंग मारते’ ती बहुधा ह्याच अवस्थेत जाणवते.

तथापि निसर्गाने येथे एक सोय करून ठेवली आहे. फटीच्या पलीकडील दाब अलीकडील दाबाच्या सुमारे ५३ टक्क्यांहून खाली गेला, की फटीतील हवा ध्वनीच्या वेगाने वाहू लागते आणि ह्यापुढे पलीकडील दाब कितीही घटला तरी प्रवाह वाढत नाही. मंदगतीत नेमकी हीच स्थिती असते. दर सेकंदास येणारी हवा अशा प्रकारे ठराविक झाली, की एंजिनाचा वेग घटताच प्रत्येक फेऱ्याच्या वाट्यास अधिक हवा येते, प्रत्येक ज्वलन जोरकस होते आणि वेग सावरतो. वेग वाढल्यास उलट घडते. कोणतेही नियंत्रक यंत्र नसताना केवळ एका स्क्रूने ठरविलेल्या फटीवर एंजिने अनेक दशके मंदगतीत चालू शकली, ह्याचे रहस्य ह्या आपसूक सावरण्यात आहे.

परंतु ही सोय अपुरी आहे. प्रवेशनलिकेतील दाब बदलण्यास काही फेऱ्यांचा अवधी लागतो. सावरण्याची क्रिया उशिरा पोहोचली, तर वेग आधी फार घटतो व मग फार वाढतो, आणि एंजिन वरखाली हेलकावे घेऊ लागते. उशिराने आलेली दुरुस्ती हीच नवी चूक ठरते, हे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

३. मिश्रणाचे प्रमाण

एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळावयास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. आकारमानाच्या भाषेत सांगावयाचे तर एक लिटर पेट्रोलास सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. ह्या प्रमाणास आपण ‘समतोल मिश्रण’ म्हणू. पेट्रोल त्याहून अधिक असल्यास मिश्रण समृद्ध, कमी असल्यास विरल. सर्वाधिक शक्ती किंचित समृद्ध मिश्रणाने, म्हणजे १२.५ ते १३ ह्या प्रमाणाच्या आसपास मिळते. सर्वाधिक काटकसर किंचित विरल मिश्रणाने साधते.

कार्ब्युरेटर ह्या उपकरणात हवेचा मार्ग मध्यभागी अरुंद केलेला असतो. अरुंद भागात हवा वेगाने वाहते, तेथे तिचा दाब घटतो, आणि त्या घटलेल्या दाबामुळे बारीक छिद्रातून पेट्रोल वर ओढले जाऊन त्याचे तुषार होतात. तुषार उडविणारा अशा प्रकारचा कार्ब्युरेटर १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख ह्यांनी आणि त्याच वर्षी हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका ह्यांनी सिद्ध केला. कल्पना मोठी सुटसुटीत होती. परंतु मंदगतीत ती लंगडी पडते. हवा इतकी थोडी वाहते की अरुंद भागातील दाब पुरेसा घटत नाही व मुख्य छिद्रातून पेट्रोल येतच नाही. म्हणून मंदगतीसाठी स्वतंत्र वाट ठेवावी लागली. तिचे तोंड मिटलेल्या तबकडीच्या कडेशी, जेथे निर्वात सर्वांत तीव्र असतो तेथे, उघडते.

ह्या अवस्थेत मिश्रण समृद्ध ठेवण्याचे कारणही निर्वातच होय. प्रवेशनलिकेतील दाब कमी असल्यामुळे मागील ज्वलनातील जळका वायू सिलिंडरात बराच मागे राहतो, काही उलट ओढलाही जातो. नव्या मिश्रणात जळक्या वायूची एवढी भेसळ झाली, की विरल मिश्रण ठिणगीने कधी पेटते, कधी अर्धवट पेटते. पेट्रोल थोडे वाढविले की प्रत्येक ज्वलन खात्रीने व सारख्या जोराने होते.

आणखी एक उणीव अशी की, कार्ब्युरेटरास हवेचे वजन कळत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथे हवेची घनता अंदाजे १२ टक्क्यांनी कमी असते. छिद्रांच्या गणितानुसार मिश्रणाचे प्रमाण घनतेच्या वर्गमुळाबरोबर बदलते, म्हणून कोकणात नीट बसविलेली गाडी घाट चढून गेल्यावर आपोआप सुमारे सहा टक्क्यांनी समृद्ध मिश्रणावर चालू लागते. जुन्या गाड्या घाटमाथ्यावर जड व धुरकट चालत, त्याचे हे एक कारण होय. छिद्राचे माप कायम, बाहेरील परिस्थिती मात्र बदलती. आणि बदलाची खबर छिद्रापर्यंत पोहोचविणारा कोणी नाही.

४. दोन स्क्रू आणि एक कान

ती खबर पोहोचविणारा एक मनुष्य होता. तो म्हणजे गॅरेजातील मिस्त्री. कार्ब्युरेटरावर त्याच्यासाठी दोन स्क्रू ठेवलेले असत. एकाने तबकडीची फट, म्हणजे वेग ठरे. दुसऱ्याने मंदगतीचे मिश्रण ठरे. दोघांचा परिणाम एकमेकांत गुंतलेला असल्यामुळे ते आळीपाळीने फिरवावे लागत. मिश्रणाचा स्क्रू एंजिन अडखळेपर्यंत आवळावयाचा, मग वेग सर्वाधिक होईपर्यंत सोडावयाचा, वाढलेला वेग दुसऱ्या स्क्रूने खाली आणावयाचा, आणि हे सारे पुन्हा एकदा करावयाचे, अशी रीत होती. शब्दांच्या अभ्यासकास येथे एक मौज आढळेल. स्क्रू एंजिनाच्या बाजूस असेल तर तो बहुधा पेट्रोलाची वाट नियंत्रित करतो व आवळल्याने मिश्रण विरल होते. तो हवेच्या गाळणीच्या बाजूस असेल तर हवेची वाट नियंत्रित करतो व आवळल्याने मिश्रण समृद्ध होते. ‘आवळ’ ह्या एकाच आज्ञेचे दोन उलट अर्थ, आणि कोणता अर्थ घ्यावयाचा हे गाडी पाहून ठरवावयाचे!

काही वर्षांपूर्वी पुण्यातील गॅरेजांमधील बोलीचे शब्द टिपीत असता, माझ्या वडिलांची १९९०च्या दशकातील चार फटक्यांची मोटारसायकल मी एका अनुभवी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी कोणतेही उपकरण न लावता, मान किंचित कलती करून, केवळ आवाजावरून दोन्ही स्क्रू बसविले. “सर, आता ऐका,” ते म्हणाले, “कशी घड्याळासारखी चालतेय.” खरोखरच ठोका इतका एकसारखा होता की मी त्याचे ध्वनिमुद्रण करून ठेवले. तेथून धुराच्या तपासणीस गेलो तेव्हा कार्बन मोनॉक्साइडाने साडेचार टक्क्यांची मर्यादा ओलांडल्याचे दिसले. परत आल्यावर मिस्त्रींनी स्क्रू थोडासा फिरवून मिश्रण विरल केले. आकडा मर्यादेत आला. ठोका मात्र किंचित खडबडीत झाला. “कागद पास झाला, पण गाडी नाराज आहे,” हा त्यांचा अभिप्राय.

ह्या प्रसंगात मिस्त्रींच्या कौशल्यात काहीही उणे नव्हते. त्यांचा कान ज्वलनाचा सारखेपणा मोजीत होता आणि तो त्याने अचूक मोजला. समृद्ध मिश्रणाने ज्वलन सारखे होते, म्हणून कानास तेच चांगले वाटते. परंतु त्याच मिश्रणात सर्व कर्बास पुरेल इतका प्राणवायू नसतो. काही कर्ब अर्धवट जळून त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. समतोल मिश्रणाच्या धुरात, कोणतीही शुद्धीकरणाची योजना नसताना, हा वायू एक टक्क्याच्या आत-बाहेर असतो, १२.५ ह्या प्रमाणाजवळ तो पाच टक्क्यांच्या घरात जातो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि आवाज तर नाहीच नाही. रक्तातील हीमोग्लोबिनास तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक आसक्तीने चिकटतो. बंद गॅरेजात जुनी गाडी चालू ठेवणे प्राणघातक ठरते ते ह्यामुळे. कान ज्यास उत्तम चाल म्हणतो, ती चाल अनेकदा अधिक विषारी असते. ज्या राशीचे मापनच होत नाही तिच्यावर कसबी मनुष्याचेही नियंत्रण चालत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमावली, १९८९ हिने चारचाकी पेट्रोल गाड्यांसाठी मंदगतीतील कार्बन मोनॉक्साइडाची मर्यादा ३ टक्के आणि दोन व तीन चाकी गाड्यांसाठी साडेचार टक्के ठेवली होती. भारत स्टेज-४ व त्यानंतरच्या मोटारींसाठी ती ०.३ टक्के आहे. एवढा फरक कानाच्या व स्क्रूच्या भरवशावर पडणे शक्य नव्हते.

५. प्राणवायूचा संवेदक

१९७६ साली बॉश ह्या जर्मन कंपनीचा एक संवेदक व्होल्व्होच्या अमेरिकेत विकावयाच्या मोटारींत प्रथम बसविण्यात आला. तो निष्कास नळीत, धुराच्या वाटेवर असतो. झिर्कोनियाच्या विशिष्ट मृत्तिकेच्या एका बाजूस बाहेरील हवा व दुसऱ्या बाजूस धूर असता, दोहोंतील प्राणवायूच्या फरकामुळे तिच्यात विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. मिश्रण समृद्ध असेल तर धुरात प्राणवायू जवळजवळ उरत नाही व दाब ०.८ ते ०.९ व्होल्ट भरतो; विरल असेल तर तो सुमारे ०.१ व्होल्टपर्यंत घसरतो. समतोलाच्या बिंदूशी ही उडी एकदम पडते. मृत्तिका सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर तापल्याखेरीज मात्र हा संवेदक बोलत नाही.

ह्या बातमीवरून गणकयंत्र पेट्रोलाचे प्रमाण सुधारते. दाब अधिक दिसला की पेट्रोल थोडे थोडे कमी करावयाचे, कमी दिसला की थोडे थोडे वाढवावयाचे. पेट्रोलात केलेला बदल ज्वलनातून व नळीतून प्रवास करून संवेदकापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो, आणि मंदगतीत धूर सावकाश वाहतो म्हणून तो वेळ अधिक लागतो. परिणामी मिश्रण समतोलाच्या दोन्ही बाजूंस सतत हेलकावत राहते. सुदैवाने निष्कास नळीतील उत्प्रेरकास प्राणवायू काही काळ साठविता येतो, त्यामुळे हे छोटे हेलकावे त्याच्या पोटात जिरतात. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनाची ऑक्साइडे ह्या तिघांचा एकदम निकाल लावणारा हा उत्प्रेरक समतोलाच्या अगदी अरुंद पट्ट्यातच नीट काम करतो. संवेदकाची खरी आवश्यकता त्यासाठीच निर्माण झाली.

केवळ मागून दुरुस्ती करीत राहिल्यास यंत्र नेहमीच चुकीच्या एक पाऊल मागे राहील. म्हणून गणकयंत्र आधी अंदाज बांधते. येणारी हवा, तिचे तापमान व एंजिनाचा वेग ह्यांवरून किती पेट्रोल लागेल हे ते पूर्वीच साठविलेल्या कोष्टकातून काढते. संवेदकाची बातमी त्या अंदाजातील उरलेली चूक तेवढी भरून काढते. एकच दुरुस्ती वारंवार करावी लागत असल्याचे आढळले, तर ती कायमची नोंदून अंदाजच बदलण्यात येतो. महाबळेश्वरचा घाट अशा गाडीस आता फारसा अडवीत नाही.

मंदगतीच्या वेगाचेही असेच आहे. जेम्स वॅट ह्याने १७८८ साली वाफेच्या एंजिनास फिरत्या गोळ्यांचा वेगनियामक बसविला, आणि १८६८ साली मॅक्सवेलने अशा नियामकांच्या स्थैर्याचे गणित मांडले. वॅटचा नियामक भार वाढला की वेग थोडा खालीच ठेवून स्थिरावे. आजचे गणकयंत्र उरलेल्या चुकीची बेरीज करीत राहते व ती शून्य होईपर्यंत हवेची वाट बदलते. वातानुकूलनाचा संपीडक जोडण्यापूर्वीच ते हवा वाढवून ठेवते. शिवाय हवेचा परिणाम उशिरा होतो म्हणून ते ठिणगीचाही उपयोग करते. मंदगतीत ठिणगी मुद्दाम सर्वोत्तम क्षणापेक्षा किंचित उशिरा टाकलेली असते. वेग घसरताच ती अलीकडे आणली की पुढच्याच ज्वलनास जोर येतो. सावकाश पण मोठी दुरुस्ती हवेकडे, तात्काळ पण लहान दुरुस्ती ठिणगीकडे, अशी ही श्रमविभागणी आहे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ची मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ दिसेनासा झाला.

ह्यावरून कान हरला व संवेदक जिंकला, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. संवेदक मिश्रण मोजीत नाही. तो धुरातील प्राणवायू मोजतो व त्यावरून मिश्रणाचे अनुमान केले जाते. एखाद्या सिलिंडरात ठिणगीच पडली नाही, तर तेथील सबंध प्राणवायू न जळता नळीत येतो. संवेदकास मिश्रण विरल वाटते, आणि ज्या एंजिनात आधीच पेट्रोल न जळता वाया जात आहे त्यास आणखी पेट्रोल देण्यात येते. निष्कास नळीस संवेदकाच्या अलीकडे चीर पडून बाहेरील हवा आत शिरली तरी हाच घोटाळा होतो. अशा वेळी हुकलेले ज्वलन प्रथम ऐकतो तो मिस्त्रीचा कानच. प्रत्येक संवेदकाचे स्वतःचे बहिरेपण असते. दोन संवेदकांची बहिरी स्थळे भिन्न असतील, तर एक दुसऱ्यास उपयोगी पडतो.

६. भाषाभ्यासकास उपयोग

आता आरंभीच्या प्रश्नांकडे वळू. १९११ साली फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार ह्यांनी दाखविले की गोंगाटात मनुष्य आपसूक आवाज चढवितो. म्हणजे स्वतःच्या आवाजाचे मापन तो करीत असतो. १९५० साली बर्नार्ड ली ह्यांनी बोलणाऱ्यास त्याचाच आवाज किंचित उशिरा ऐकविला. हा विलंब सुमारे एक पंचमांश सेकंदाचा असला, की चांगला वक्ताही अडखळू लागतो. उशिराने आलेली दुरुस्ती हीच नवी चूक ठरते, हे मंदगतीचे सूत्र येथे शब्दशः लागू पडते. आणि प्रत्येक ध्वनी ऐकून मग पुढील ध्वनी घडविण्याइतका अवकाश वेगवान बोलण्यात नसतोच. म्हणून फ्रँक गुंथर ह्यांच्या ‘दीवा’ प्रतिमानात आधी बांधलेला अंदाज व मागून येणारी दुरुस्ती हे दोन्ही घटक मानले आहेत, आणि वारंवार लागणारी दुरुस्ती अंदाजात मुरत जाते. एंजिनाच्या गणकयंत्राची रचना ज्यास समजली, त्यास हे प्रतिमान समजावयास फार कष्ट पडू नयेत.

परंतु अधिक महत्त्वाचा बोध आपणा अभ्यासकांच्या स्वतःच्या कानाविषयी आहे. ‘चार’ ह्या शब्दातील च आणि ‘चारा’ ह्या शब्दातील च हे भिन्न आहेत, हे मराठी मनुष्याचा कान तत्काळ सांगतो. लेखनात चिन्ह एकच असले तरी त्याची फसगत होत नाही. ज्याच्या भाषेत हा भेद नाही अशा प्रामाणिक व अनुभवी अभ्यासकाकडून मात्र तो निसटू शकतो. तसेच दुसऱ्या भाषांतील कित्येक भेद आपल्या कानांतून निसटत असतील, आणि निसटले म्हणून ते आपणास जाणवणारही नाहीत. मिस्त्रींना धुरातील वायू ऐकू आला नाही त्याप्रमाणेच हे आहे. क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्याने आपला कान घासून तयार करावा हे तर खरेच. पण त्याबरोबर ध्वनिमुद्रण व मापनाची साधने न्यावीत, आणि साधनाने दिलेला आकडाही कानाशी ताडून पाहावा.

मी केलेले त्या मोटारसायकलीचे पहिले ध्वनिमुद्रण विभागातील वर्गात अधूनमधून ऐकवितो आणि दोहोंपैकी कोणती चाल चांगली, असे विचारतो. दुसऱ्या मुद्रणाशी तुलना करून विद्यार्थी आजवर बहुधा पहिल्याकडेच बोट दाखवीत आले आहेत. त्यानंतर मी त्यांच्यापुढे तपासणीचा कागद ठेवतो.